लाइन गेली की गजगे काढायचे

माझी पिठाची चक्की आहे, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. चक्कीवर दोन गोष्टी नेमाच्या: दळणाची रांग आणि गेलेली लाइन, म्हणजे वीज. एप्रिल-मे महिन्यात दुपारची गेलेली लाइन तासदीड तास तोंड दाखवत नाही. दळण ठेवून घरी जावं तर नंबर जातो, बसावं तर करायचं काय? पोरं मोबाईल घासतात, बाया सुनांचं काढतात, म्हातारे माझ्या ओट्यावर पंचे पसरून झोपतात आणि लाइन आली तरी उठत नाहीत.

यावरचा इलाज माझ्या भाच्यानं आणला, तोही थेट घानातून. तो तिकडं टेमा नावाच्या बंदराच्या शहरात वायरमन आहे. दिवाळीत आला तेव्हा चिवड्याच्या डब्याएवढी एक लाकडी पेटी घेऊन आला. बिजागरीवर उघडली तर आत या बाजूला 6 खड्डे, त्या बाजूला 6. सोबत एका थैलीत राखाडी रंगाच्या गुळगुळीत बिया. मी एक उचलली आणि हसायलाच लागले.

"अबे, हे तं आपले गजगे होत!"

"हाव मावशी. तिकडं दुपारच्या सुट्टीत सारे हेच खेयतात. ओवारे म्हनतात त्याले."

तेव्हापासून चक्कीवर ओवारे चालू आहे. शेजारच्या दोन गावांतल्या बायांनी आणि एका मास्तरांनी विचारलं की कसं मांडायचं, म्हणून लिहिते.

आधी गजगे. पाहिजेत 48, पण गोळा करा 55-60, कारण लेकरं पळवतात. गजगा म्हणजे सागरगोटा. धुऱ्यावर, नाल्याच्या काठानं त्याची काटेरी झुडपं असतात. जुनी माणसं मुद्दाम कुंपणाला लावत, ढोरं आत शिरत नाहीत. शेंग चपटी असते आणि तिच्यावर अंगभर काटे. हातानं तोडायला जाऊ नका. काठीनं खाली पाडा, चपलेखाली दाबून फोडा, एका शेंगेत एकदोन बिया निघतात. वाळलेलीच घ्या; हिरव्या शेंगेतली बी पुढं सुरकुतते. आणि हो, गजगा दगडावर घासून दुसऱ्याच्या दंडाला चटका द्यायचा खेळ तुम्हीही लहानपणी खेळला असाल. तुमची लेकरंही तेच करणार, तयारी ठेवा. अगदी लहान लेकरू जवळ असेल तर गजगे त्याच्या हाती लागू देऊ नका, ते थेट तोंडात घालतं.

गजगे नाहीतच मिळाले तर चिंचोके चालतात. तुरीचे दाणे घेऊ नका. मी पहिल्या दिवशी तेच घेतले होते आणि ऐन डावात शेजारणीच्या कोंबडीनं सात दाणे टिपले. हरणाऱ्यानं लगेच जाहीर केलं की तो जिंकत होता.

मग पाट. सगळ्यात सोपा म्हणजे अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. 30 अंड्यांच्या ट्रेमध्ये 6-6 खळग्यांच्या 5 ओळी असतात. त्यातल्या शेजारच्या दोन ओळी कात्रीनं कापून घेतल्या की पाट तयार, फुकटात. नाहीतर शेणानं सारवलेल्या अंगणात वाटीनं दाबून 12 खळगे करा. जिंकलेले गजगे ठेवायला दोघांना दोन करवंट्या.

मी मात्र हौसेनं सागाच्या फळीचा पाट करून घ्यायला गेले. सुतारानं फार सुंदर खड्डे कोरले, वाटोळे, खोल, पण इतके अरुंद की तळाशी बोटंच पोहोचत नव्हती. प्रत्येक चालीला पाट उलटा करायचा का? तेव्हा सुताराला माप सांगताना इंचात सांगू नका. त्याला म्हणा, चार बोटं जुळवून आत घाल, तळ लागला पाहिजे आणि बारा-पंधरा गजगे ढीग न होता बसले पाहिजेत. खड्डा उथळ आणि पसरट हवा. आपल्या कालवणाच्या वाटीसारखा नको, देवाच्या ताम्हनासारखा हवा.

आता डाव. पाट दोघांच्या मध्ये आडवा ठेवायचा. तुमच्या बाजूची 6 घरं तुमची, पलीकडची 6 त्याची. प्रत्येक घरात 4 गजगे. पाळी आली की आपल्या कुठल्याही एका घरातले सगळे गजगे उचलायचे आणि पुढच्या घरापासून एकेका घरात एकेक टाकत जायचं. दिशा प्रदक्षिणेच्या उलट: आपल्या ओळीत डावीकडून उजवीकडं, टोकाला पोहोचलं की समोरच्याच्या ओळीत शिरायचं आणि उजवीकडून डावीकडं. ही गोष्ट बाया चटकन शिकतात आणि पुरुष नाही, कारण सरत्यानं पेरणारा हात बायांचाच असतो. मूठ भरलेली, बी एकेकच सुटलं पाहिजे. एका बाईनं तर पहिल्याच डावात विचारलं, "म्हंजे पेरनंच करा लागते नं?" हो, पेरणंच. आम्ही चक्कीवर चाल म्हणतच नाही, पेर म्हणतो. "पेर नं बापा, लाइन येईन आता!"

मारायचं कसं ते नीट वाचा, सगळी गंमत तिथंच आहे. तुमचा शेवटचा गजगा समोरच्याच्या घरात पडला आणि त्या घरात आता बरोबर 2 किंवा 3 झाले, तर ते सगळे तुमचे. करवंटीत टाका. मग त्याच्या लगतचं मागचं घर पाहा, म्हणजे ज्यातून तुम्ही आत्ताच गेलात ते. तिथंही 2 किंवा 3 असतील तर तेही तुमचे. असं मागं मागं यायचं. जिथं 2-3 नसतील तिथं साखळी तुटली. आपल्या ओळीतलं काही मारायचं नाही.

परवाचीच पेर सांगते. माझ्या उजव्या टोकाच्या घरात 3 गजगे होते. समोर पोस्टातून निवृत्त झालेले काका. त्यांच्या पहिल्या तीन घरांत 1, 2, 1. मी तिन्ही उचलून पेरले, तर झाले 2, 3, 2. शेवटचा पडला तिसऱ्या घरात, तिथले 2 माझे. मागच्यातले 3 माझे. त्याच्या मागचे 2 माझे. एका पेरीत 7. काका पाटाकडं असे बघत राहिले जसं काही कोणी त्यांची मनिऑर्डरच पळवली. आता समजा त्यांच्या मधल्या घरात 2 च्या जागी 4 असते. पेरल्यावर 5 झाले असते, मला फक्त शेवटचे 2 मिळाले असते. पहिल्या घरातले 2 तिथंच, कारण मधे साखळी तुटली. ही पेर गजगे मांडून दोनदा करून पाहा, मग सांगायची गरज राहत नाही.

राहिले किरकोळ नियम. एखाद्या घरात 12 किंवा जास्त गजगे साचले आणि ते पेरले, तर फेरा पूर्ण होऊन आपण निघालेल्या घराशी येतो. ते घर वगळून पुढं जायचं, ते रिकामंच राहतं. एका पेरीत समोरच्याचे सगळेच्या सगळे गजगे मारले जात असतील तर पेर होते, पण करवंटीत काही येत नाही. हा नियम गावोगावी बदलतो. भाच्याच्या कारखान्यात असा आहे, म्हणून आमच्याकडं असा. ज्याच्या करवंटीत आधी 25 झाले तो जिंकला. 24-24 झाले तर बरोबरी, चहा दोघांनी मिळून पाजायचा.

आणि एक नियम किरकोळ नाही. समोरच्याची सगळी घरं रिकामी असतील तर तुम्हाला अशी पेर करावीच लागते की त्याच्या ओळीत गजगे जातील. त्याला उपाशी ठेवून बसता येत नाही. तशी पेर शक्यच नसेल तरच डाव संपतो आणि उरलेले गजगे तुमचे. यावर आमच्या ओट्यावर कडाक्याची भांडणं झालीत. "मी काहून त्याले देऊ? तो हारून रायला त्यात माहा काय दोष?" पोरांना तर हा नियम बिलकुल पचत नाही. मी ऐकत नाही. दिल्याशिवाय खेळ पुढं जात नाही, हवं तर घरी जाऊन मोबाईलवर खेळा.

हुशारीच्या गोष्टी दोनच सांगते. आपल्या ओळीत 1 किंवा 2 गजग्यांची घरं सलग सोडू नका, काकांचं झालं तसं होतं. आणि उजव्या बाजूचं एखादं घर न पेरता साचू द्या, गोठ्यातल्या कडब्यासारखं. वेळेवर ते एकदम काढलं की समोरच्याच्या ओळीतून फिरून येतं.

आता खेळासोबतची गोष्ट. माझ्या मते ती सांगितल्याशिवाय हा खेळ मांडूच नये, नाहीतर मोबाईलवरचा लुडो काय वाईट? पण कधी सांगायची हे महत्त्वाचं. पहिल्या दिवशी मी डावाच्या आधी भाषण दिलं. आफ्रिका खंड, 54 देश, घाना कुठं, वगैरे. अर्ध्या बाया उठून दळणाची टोपली चाचपायला लागल्या. तेव्हापासून नेम केला: आधी पेरू द्यायचं, विचारलं की सांगायचं. कोणीतरी विचारतंच, "हे आपले गजगे तिकडं कसे गेले?"

गजगा समुद्रात बुडत नाही, तरंगतो. लाटांवर महिनोन् महिने फिरतो आणि दुसऱ्या किनाऱ्याला लागून रुजतो. सागरगोटा हे नाव उगीच नाही पडलं. म्हणून ही झुडपं कोकणच्या किनाऱ्यावर आहेत, घानात आहेत आणि अटलांटिक महासागराच्या पार, अँटिग्वा आणि बार्बाडोस या कॅरिबियन बेटांवरही आहेत. त्या बेटांवरही हाच खेळ खेळतात, याच गजग्यांनी. नाव थोडं बदललंय, वारी म्हणतात. हे ऐकलं की बाया हमखास हसतात, "आपली बी वारी अन् त्याइची बी वारी!"

पण गजगे समुद्रातून आपणहून गेले, माणसं तशी गेली नाहीत. इथं आवाज आपोआप खाली येतो, येऊ द्यावा. घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना नावाचा किल्ला आहे, पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधलेला. आधी तिथं सोन्याचा व्यापार होता, पुढं माणसांचा. भाचा सुट्टीत बघून आला. तळघरं अंधारी, आणि शेवटी भिंतीत एक अरुंद फट, एकेक माणूस आडवा होऊन निघेल एवढीच. पलीकडं समुद्र आणि गोऱ्या व्यापाऱ्यांची जहाजं. आफ्रिकेच्या सगळ्या किनाऱ्यावरून मिळून साधारण चारशे वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजांत कोंबली गेली. पलीकडं जिवंत उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. बाकीची वाटेतच गेली.

त्या माणसांसोबत लाकडी पाट कसा जाईल? अंगावर बेड्या होत्या. डाव डोक्यात गेला. उसाच्या मळ्यात दिवसभर राबून रात्री जमिनीत 12 खळगे करायला आणि किनाऱ्यावरचे गजगे वेचायला कोणाची परवानगी लागत नाही. अनान्सी नावाच्या आठ पायांच्या कोळ्याच्या गोष्टी तशाच गेल्या. घानातल्या अकान लोकांचा हा कोळी आपल्या गोष्टींतल्या कोल्ह्यासारखा लबाड. जमैकातली लेकरं आजही त्याच्या गोष्टी ऐकतात. अँटिग्वातले गुलाम 1 ऑगस्ट 1834 ला मोकळे झाले. बार्बाडोसमध्ये मालकांकडं आणखी चार वर्षं उमेदवारीच्या नावाखाली राबवून घेतलं, तिथं 1838 उजाडलं. आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडायला लागली तशी त्याच 1838 पासून कॅरिबियन भागाकडं आपल्या देशातली माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, जायला लागली, पहिली जहाजं गयानाला.

कवडीचंही सांगा, ते कोणी विसरत नाही. माझ्याजवळ सासूबाईंच्या चौसराच्या चार कवड्या आहेत, त्या पाटाशेजारी ठेवते. पश्चिम आफ्रिकेत कवड्या चलन म्हणून चालायच्या, आणि त्या कवड्या यायच्या मालदीवच्या समुद्रातून. आपल्या हिंदी महासागरातला माल युरोपातले व्यापारी जहाजं भरभरून न्यायचे आणि त्या मोजून माणसं घ्यायचे. कवडीमोल हा शब्द आपण कापसाच्या भावावरून रोज वापरतो. माझ्या चक्कीवर ही गोष्ट ऐकल्यावर एक म्हातारबा बराच वेळ कवडी हातात धरून बसले होते, त्यांची पाळी दुसऱ्यानं पेरली. घानाचं आजचं चलन सेडी आहे. तिथल्या भाषेत त्या शब्दाचं मूळ कवडीच.

कापसाचा विषय यवतमाळ जिल्ह्यात निघाला की गोष्ट वऱ्हाडात येतेच. अमेरिकेत कापूस वेचणारे हात याच पळवून नेलेल्या माणसांच्या लेकरा-नातवंडांचे होते. 1861 ते 1865 तिकडं यादवी युद्ध झालं, बंदरं अडली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा साहेबाला आपलं काळं रान आठवलं. वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की माणसं चकित झाली, आणि युद्ध संपताच तो तसाच खाली आला. भाव पडला तरी साहेबाची नजर काही हटली नाही. 1870 मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा पोहोचला. "म्हंजे थे सुटले अन् आपन अडकलो," असं एक गडी म्हणाला. इतकं सरळ नाही ते, सुटल्यावरही त्यांचे हाल सरले नाहीत. पण मी त्याला तिथं थांबवलं नाही. बोलू द्यायचं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना अर्पण केलं, ज्यांनी तिथले गुलाम मोकळे करायला जीव टाकला. हे सांगितलं की आमच्या बौद्धपुऱ्यातल्या पोरी पुढं सरकून बसतात, त्यांना अर्धं आधीच माहीत असतं. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या विद्वानाला पत्र लिहिलं होतं, ते मला एका नववीतल्या पोरीनं सांगितलं. मी तिच्याकडून शिकले.

एका गोष्टीवर मात्र मी टोकते. कोणी काळ्या पोराला "ए हबशी" म्हणून चिडवलं की डाव थांबवते. हबश म्हणजे इथिओपियाचा मुलूख, ती काही शिवी नाही. त्या मुलखातला, साधारण 1548 च्या सुमाराला जन्मलेला एक पोरगा हातोहात विकला जात दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. मलिक अंबर. मोगलांना त्यानं जन्मभर झुंजवलं, 1610 मध्ये खडकी वसवली, पुढं जिचं औरंगाबाद झालं. आता चिडवायचं तर चिडवा त्या नावानं.

गंभीर झालं की लग्नाची गोष्ट काढायची. घानातल्या ट्वी भाषेत 'वारे' म्हणजे लग्न करणं. तिथं सांगतात, एक बाई आणि एक बुवा हा खेळ खेळायला बसले, डाव काही संपेना. शेवटी रोज खेळता यावं म्हणून त्यांनी लग्नच केलं. आमच्या पोस्टवाल्या काकांच्या घरच्या काकू हे ऐकून म्हणाल्या, "आमचं उलटं झालं. लग्न झालं अन् खेयनं बंद."

शेवटी चक्कीवाल्यांसाठी खास सूचना. पाट चक्कीच्या तोंडापासून लांब ठेवा. मागच्या उन्हाळ्यात लाइन अचानक आली, सगळे एकदम उठले, पाट लवंडला आणि एक गजगा कोणाच्या तरी ज्वारीच्या टोपल्यात गेला. ज्वारी वर ओतली, गजगा दगडात अडकला आणि असा आवाज आला की मी पट्टा उतरवायला धावले. गजगा फुटला नाही. दगडाला मात्र पुन्हा टाकी लावून घ्यावी लागली. म्हणून आता लाइन आली तरी आधी गजगे मोजून डब्यात, मग मोटर चालू. 48 भरले नाहीत तर दळण सुरू होत नाही, मग रांगेतले सगळेच खाली वाकून शोधतात.